मिलोची भाकरी

ज्वारीच्या पिठाला विरी असावी लागते. गव्हाच्या कणकेसारखा ओढून धरणारा चिकटपणा ज्वारीत मुळात नसतोच. आधणाचं पाणी घालून, तळहाताच्या मुळानं रगडून रगडून तो तिच्यात आणावा लागतो. पीठ ताजं हवं, पाणी चटका देणारं हवं आणि मळणारीच्या हाताला सराव हवा. एवढं जमलं की काठवटीत गोळा फिरत फिरत पसरतो, कडा चिरत नाहीत, तव्यावर पाण्याचा हात फिरतो आणि आराला उभी केलेली भाकरी टम्म फुगते. मराठवाड्यात, सोलापुराकडे, नगरकडे हे काम मुलीला कुणी मुद्दाम शिकवत नसे. आईच्या, आजीच्या शेजारी बसून ते हातात उतरे.

१९७३ च्या उन्हाळ्यात ह्या सरावलेल्या हातांखाली भाकरी मोडू लागली. रेशनवर आलेलं धान्य ज्वारीसारखंच दिसायचं, पण तांबडं होतं. त्याचं नाव मिलो. पीठ कितीही रगडलं तरी गोळा फुटायचा, थापताना कडा चिरायच्या, तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. भाजून निघालेली भाकरी लालसर, आणि दुपारपर्यंत वाळून कडक. त्या पिढीतल्या माणसांकडे बहात्तरच्या दुष्काळाचा विषय काढला, की पाऊस, नेते, सरकारी योजना ह्यांच्या आधी दोन शब्द येतात: मिलो आणि सुकडी. पन्नास वर्षांनंतरही ते शब्द ताजे आहेत, कारण ती आठवण जिभेची आहे.

मिलो ही ज्वारीच. आफ्रिकेत जन्मलेलं हे पीक एका वाटेनं फार पूर्वी भारतात आलं आणि दुसऱ्या वाटेनं अमेरिकेत पोचलं. इकडे शेकडो पिढ्यांनी भाकरीसाठी पांढरं, टपोरं, गोडसर दाण्याचं वाण निवडत नेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा त्याच परंपरेतला. तिकडे टेक्सास-कॅन्ससच्या कोरड्या माळांवर ज्वारी पिकली ती मुख्यतः जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी. तिच्या दाण्याकडून भाकरीची अपेक्षा कुणी केली नव्हती. म्हणून बहात्तरच्या माणसांना ‘आम्हाला जनावराचं धान्य खायला घातलं’ असं वाटलं, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

हे धान्य इथवर का आलं, ते समजून घ्यायला तीन पावसाळे मागे जावं लागतं. १९७० पासून पावसानं हात आखडता घेतला होता. ७१ सालही ओढाताणीचं गेलं. घरातल्या कणग्या आणि पेवं तळाला गेली. अशा वेळी १९७२ चा पाऊस आलाच नाही म्हणावा, इतका कमी आला. नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सोलापूर, सांगली, साताऱ्याचा पूर्वभाग, पुण्याचा पूर्वभाग, नाशिक हा सगळा पट्टा करपला. राज्यातलं धान्याचं उत्पादन साधारण सालाच्या निम्म्याच्या आसपास आलं. त्या दुष्काळाबद्दल जुनी माणसं एक गोष्ट आवर्जून सांगतात: तेव्हा प्यायला पाणी होतं, खायला दाणा नव्हता. २०१३ च्या दुष्काळात जालना-बीडकडे हीच माणसं उलट बोलत होती, की आता दाणा आहे आणि पाणी नाही.

दाणा नव्हता ह्याला फक्त आभाळ जबाबदार नव्हतं. खासगी व्यापाऱ्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्याची मुभा नव्हती. शेजारच्या राज्यात धान्य असलं, तरी ते बाजाराच्या ओढीनं इकडे येऊ शकत नव्हतं. सगळी भिस्त केंद्र सरकार देईल त्या वाट्यावर, आणि वाटा गरजेपेक्षा कमी यायचा. मंजूर झालेलंही वेळेवर पोचायचं नाही. देशाच्या कोठारातही फारसं काही नव्हतं. परदेशातून गहू आणि मिलो विकत घेतले गेले, १९७३ मध्ये सोव्हिएत संघानं २० लाख टन गहू उसना दिला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एखाद्या आजीच्या काठवटीत काय पडणार, हे असं बंदरावर लागणाऱ्या बोटींवरून ठरू लागलं.

आणि ती आजी तेव्हा आपल्या घरी नव्हतीच. दुष्काळी कामावर होती.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. राज्याची ग्रामीण लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या आसपास; म्हणजे खेड्यातलं सातातलं एक माणूस, लेकरं-म्हातारी धरून, खडी फोडत, माती वाहत, पाझर तलावाचा नाहीतर नालाबंडिंगचा बांध घालत होतं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात करून पाहिलेला ‘मागेल त्याला काम’ हा प्रयोग ह्या संकटात राज्यभराचा आधार झाला, आणि पुढे त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. काम जमेल तितकं गावाजवळ द्यायचं धोरण होतं. तरीही पाच-सात मैलांवरच्या कामावर रोज पायी जाणं-येणं होतंच, आणि लांबच्या कामावर गेलेल्यांनी माळावरच पालं ठोकली.

पालात चूल तीन दगडांची. आता तिच्यासमोर बसलेल्या बाईचा दिवस पाहावा. पहाटे उठून पाणी आणायचं, भाकरी थापायच्या, फडक्यात बांधायच्या, मस्टरवर हजेरी लागायच्या आत कामावर पोचायचं. दिवसभर पाटी किंवा हातोडा. संध्याकाळी परत चूल. पण चुलीत घालायचं काय? पीक आलं असतं तर तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटं असती. पीक नाही म्हणून सरपण नाही. जनावरं विकली, मेली किंवा छावणीत बांधली, म्हणून शेणी नाहीत. आर कमी म्हणजे भाकरी कच्ची. मिलोचा दाणा आधीच हट्टी, त्यात जाळ अपुरा. ह्या एका गोष्टीकडे दुष्काळावर लिहिणाऱ्यांचं फार कमी लक्ष गेलं आहे. धान्य किती क्विंटल आलं ह्याचे तक्ते सापडतात. ते शिजवायला जळण कुठून आलं, ह्याचा तक्ता कुणी केला नाही.

जनावरांबरोबर दूध गेलं, आणि दुधाबरोबर ताक. कोरडवाहू मुलखात गरिबाच्या जेवणाला ताकाचा मोठाच आधार असे. ज्याच्या घरी गाय नाही त्याला शेजारी तांब्याभर ताक फुकट मिळायचं. ताक विकू नये, अशी रीत होती. ताकातल्या कण्या, ज्वारीची आंबील, हुलग्याचं माडगं ही उन्हाळ्यातली रोजची खाणी. कण्यांना ज्वारी हवी, आंबिलीला ताक हवं, माडग्याला हुलगा. तिन्ही गोष्टी एकदमच नाहीशा झाल्या. राहिलं ते कोरड्यास म्हणून लाल तिखट, मीठ, मिळाला तर कांदा. डाळ पातळ होत होत नुसतं तिखटाचं पाणी झाली. पोट मारायला गुळाचा कोरा चहा.

रानानं थोडं दिलं. तांदुळजा, घोळ, तरोटा, कुर्डू, पाथरी, जिथे ओल सापडेल तिथे. भाजलेले चिंचोके, उंबरं. बरबडा नावाचं एक रानटी झुडूप आहे. त्याच्या बिया दळून भाकरी करायची माहिती जुन्या माणसांना होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा वनस्पतींवरचा खंड १८८६ मध्ये निघाला, त्यात दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचा वेगळा भागच आहे. म्हणजे ही विद्या जुनी होती, पिढ्यान् पिढ्या भुकेनं शिकवलेली.

पण इथे थोडं थांबायला हवं. हे ‘दुष्काळी अन्न’ सगळ्यांसाठी सारखं नव्हतं. शाहू पाटोळे ह्यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ ह्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्याची तपशीलवार नोंद केली आहे. ती वाचताना ध्यानात येतं, की गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला जे दुष्काळात पहिल्यांदा खावं लागलं, त्यातलं बरंच गावकुसाबाहेर चांगल्या सालातही शिजत होतं. रानभाजी, तेलाविना कालवण, कण्या, उरलंसुरलं. त्यांच्या ताटात दुष्काळ नवा पदार्थ घेऊन आला नाही; आधीच कमी होतं त्यातून आणखी काढून नेलं. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम ह्याच काळातली, हा योगायोग नव्हे. भाकरीसाठी एका रांगेत खडी फोडणारी माणसं तहान लागली की वेगवेगळ्या पाणवठ्यांवर जात होती.

दुसऱ्या बाजूला, अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ ह्यांनी ह्या दुष्काळाचा पुढे बारकाईनं अभ्यास केला. त्यात त्यांना आढळलं, की धान्य खाण्यातली घट फक्त मजुरांपुरती नव्हती, जमीनवाल्या घरांनीही आपलं खाणं कमी केलं होतं. कधी उंबऱ्याबाहेर कामाला न गेलेल्या पाटलाच्या घरातल्या बायकाही डोक्यावर पदर ओढून खडीवर बसल्या. मजुरी रोख मिळत होती, म्हणून मजुराच्या हातात विकत घ्यायची ताकद आली, आणि जे थोडं धान्य होतं ते थोडंथोडं सगळ्यांकडे गेलं. उत्पादन इतकं बुडूनही एकोणिसाव्या शतकातल्यासारखे माणसांचे खच पडले नाहीत, ह्याचं मोठं कारण हे. पोटभर कुणालाच मिळालं नाही. पण फार माणसं मेली नाहीत.

ह्याचं मोल कळायला त्याच्या पंच्याण्णव वर्षं आधी जाऊन यावं लागतं.

१८७६-७८ चा दुष्काळ हा मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याच्या दख्खन भागावर पडलेला. मरण पावलेल्यांचे अंदाज ५५ लाखांपासून वर जातात. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल सरकारचा दुष्काळ प्रतिनिधी म्हणून फिरू लागला. हाच टेंपल तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून उदार हातानं वाटल्याबद्दल वरिष्ठांची बोलणी खाऊन बसला होता. ह्या वेळी त्यानं दुसरं टोक गाठलं. धट्ट्याकट्ट्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडी चिल्लर. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एवढं. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश ह्यांनी जाहीर विरोध केला. तुरुंगातल्या कैद्याला ह्याहून जास्त मिळतं, असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं.

त्याच्याच जोडीला दुसरी अट होती: काम घरापासून दहा मैलांच्या पलीकडे. खरा गरजू असेल तोच घर सोडून तळावर राहील, असा हिशेब. म्हणजे दुष्काळानं घराबाहेर काढलं नाही त्याला नियमानं काढायचं. शिजवलेल्या अन्नाकडेही प्रशासन कसोटी म्हणूनच पाहत होतं. जातीपातीचा विचार न करता जो पंगतीला बसेल तोच खरा उपाशी. भुकेलेल्यानं काय खायचं, किती खायचं, कुणाच्या हातचं खायचं आणि घरापासून किती लांब बसून खायचं, हे सगळं एका कागदावर ठरत होतं.

दख्खनची माणसं हे मुकाट्यानं सोसून बसली नाहीत. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी नव्या दरानं काम करायला नकार दिला आणि तळ सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीनं, ठिकठिकाणची हकिकत गोळा करून सरकारपुढे मांडली. सोलापूर-पुण्याकडची कितीतरी माणसं गुरांसह निजामाच्या मुलखात, वऱ्हाडात, खानदेशात निघून गेली. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळानं पोरकी झालेली, रस्त्यावर आलेली पोरं जेवू घातली. आणि टेंपल? तो १८७७ च्या वसंतात मुंबईचा गव्हर्नर झाला.

दुष्काळात मुलूख सोडून धान्याच्या दिशेनं चालत जाणारी माणसं मराठी मनात त्याहून कितीतरी आधीपासून आहेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आठवावी. बादशहाचं कोठार फोडून त्यांनी भुकेल्यांना धान्य वाटलं, आणि विठोबा विठू महाराच्या रूपात पैसे भरायला गेला. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तरी भूगोल खरा आहे. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीची. तिथल्या मालदांडी ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

१९७२ ला माणसं मंगळवेढ्याकडे गेली असती तर तिथेही काही नव्हतं. धान्य आलं ते रेल्वेनं आणि ट्रकनं. आणि धान्याच्या बरोबरीनं आली सुकडी.

सुकडी मूळची गुजरातेतली. गव्हाचं पीठ तुपात खमंग भाजायचं, गूळ घालायचा, थापून वड्या पाडायच्या. आपल्याकडच्या गुळपापडीची सख्खी बहीण. दुष्काळी कामावर जी आली ती तुपाची नव्हती. तेल, मिळेल ते पीठ, गूळ, आणि पोतीच्या पोती भरून केलेली. पण तिच्यात तीन गुण असे होते, की दुष्काळी तळासाठीच ती जन्माला आली असावी. तिला चूल लागत नाही. ती दिवसेंदिवस टिकते. आणि मूठभर खाल्ली की पोटाला आधार वाटतो, कारण पीठ, गूळ आणि तेल तिन्ही एकाच घासात जातात. पंक्ती नाही, ताट नाही, कोरड्यास नाही. कागदात किंवा पदरात घ्यायची आणि बांधाच्या कडेला बसून खायची. कुणी रांधली, हे विचारायला समोर रांधणारं माणूसच नसे. पोरांना ती आवडली. मोठी माणसं पहिले काही दिवस आवडीनं खात, मग रोजच्या गोडानं त्यांना शिसारी येई; तिखटाची सवय असलेल्या जिभेला गूळ जेवण म्हणून कसा चालावा? पुष्कळ आया आपल्या वाट्याची सुकडी न खाता पदराच्या गाठीला बांधून घरी नेत. त्या गाठीची वाट पाहत बसलेली पोरं आज साठीत आहेत.

शहरातही तेव्हा काही सुखाचे दिवस नव्हते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढले, थाळ्या बडवल्या. त्याच मुंबईत आणि पुण्यात दुष्काळी मुलखातून निघालेली कुटुंबं उतरत होती. आजही दोन्ही शहरांतल्या कितीतरी वस्त्यांमध्ये ‘कधी आलात?’ ह्या प्रश्नाला ‘बहात्तरला’ एवढंच उत्तर मिळतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांची १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्यातल्या अनेकींची घरं ह्याच दुष्काळानं मराठवाड्यातून उठवलेली होती.

शहरात आल्यावर जेवण पुन्हा बदललं, आणि हा बदल मिलोसारखा पाहुणा नव्हता. गावात वर्षाचं धान्य एकदम भरायची रीत. झोपडीत कणगीला जागा कुठली? रोजची कमाई, रोजचं पीठ. तेलाची, तिखटाची, चहाच्या भुकटीची पुडी. लाकडं विकत, म्हणून रॉकेलचा स्टोव्ह. आणि स्टोव्हवर भाकरीची मोठीच पंचाईत. भाकरीला तव्यानंतर आर लागतो, स्टोव्हला आर नाही. चपाती तव्यावरच होते, पटकन होते, रॉकेल कमी जातं, आणि रेशनवर गहू मिळतो. कोरडवाहू घरात गहू हे सणाचं धान्य होतं, पुरणपोळीचं, पाहुण्याचं. आता तो रोजचा झाला. त्यात सुखवस्तूपणाची हौस थोडी होतीच. पण जास्त करून स्टोव्ह, रॉकेल, वेळ आणि रेशनचं दुकान ह्या चार गोष्टींनी ते घडवलं. घासाची आवड नंतर लागली.

म्हणूनच ह्या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट नजरेत भरते. मिलोची सक्ती सगळ्यात कडक होती, आणि मिलोच सगळ्यात आधी गेली. १९७३ ला पाऊस झाला, पुढच्या सुगीला घरची ज्वारी आली, आणि मिलो पुन्हा कुणी मागितली नाही. मागे फक्त तिचं नाव राहिलं. टिकले ते बदल वेगळे. चूल बदलली, बाईचा दिवस बदलला, धान्य यायची वाट बदलली. त्यांच्यामागून जे आलं ते राहिलं.

गावात राहिलेल्यांचं खाणंही तसंच हळूहळू सरकत गेलं. १९६४ मध्ये देशात ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं होतं. दुष्काळानंतर उतारा देणारं बियाणं सगळ्यांना हवं झालं, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यात रुजला. त्याच्या भाकरीला जुन्या शाळूची गोडी नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. पण पोतं भरत होतं. दुष्काळात विहिरी खोदल्या गेल्या, बोअर पाडायची यंत्रं खेड्यापाड्यांत पहिल्यांदा पोचली, आणि जिथे पाणी लागलं तिथे लवकरच ऊस उभा राहिला. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे ह्यांनी दुष्काळात खडी फोडणारी माणसं पाहून पाणी पंचायतीची कल्पना मांडली: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. आधी भाकरी पिकली पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो फार थोड्या गावांनी पाळला. उरलेल्या महाराष्ट्रात ऊस वाढला, आणि तो तोडायला बीड, नगर, जालन्याकडून माणसं जाऊ लागली. ती वाट आधीही होती. बहात्तरनं तिचा हमरस्ता केला.

ऊसतोड कामगाराचं जेवण म्हणजे दुष्काळी कामावरच्या जेवणाची दर वर्षीची आवृत्ती. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन जोडपं निघतं, गाडीत बाजरी-ज्वारीची पोती, मिरचीची पुडकी, तवा, काठवट. फडाशेजारी कोपी उभी राहते. बाई रात्री तीनला उठून दिवसभराच्या भाकऱ्या करते, कारण उजाडायच्या आत फडात कोयता चालू व्हायला हवा. दुपारी सरीत बसून गार भाकरी, ठेचा. चहूबाजूंनी उसाची हिरवीगार भिंत, आणि ताटात ओली भाजी आठवड्याच्या बाजाराला एकदा. मोसम पाच-सहा महिन्यांचा. त्या काळात कोपीत वाढणाऱ्या पोराच्या तोंडी पहिला घास लागतो तो गार भाकरीचा नाहीतर चहात बुडवलेल्या बटराचा.

सुकडीचं मात्र वेगळं झालं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात अंगणवाड्यांची योजना सुरू झाली, आणि दुष्काळी कामावर ओळखीचा झालेला हा पदार्थ महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांमध्ये पूरक आहार म्हणून आला. पुढे शिरा, उपमा ह्यांच्याबरोबर तिची पाकिटं घरोघर जाऊ लागली. आजीनं खडीवर खाल्लेली सुकडी नातवंडानं अंगणवाडीत खाल्ली, नाव तेच.

आणि ज्वारी? १९७० च्या दशकात महाराष्ट्रात ती ६० लाख हेक्टरांच्या आसपास पेरली जात होती. आता तिचं क्षेत्र त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. रेशनच्या दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो. शहरातल्या किराणा दुकानात ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेला आहे, आणि बहात्तरला शहरात आलेल्यांच्या नातवंडांच्या घरी भाकरी आठवड्यातून एखाद्या दिवशी होते, पाहुणे आले तर ठरवून.

पुण्यात १९७४ मध्ये, दुष्काळाची धग अजून ओसरली नव्हती तेव्हा, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं ‘कष्टाची भाकर’ नावाचं केंद्र सुरू केलं. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांतले बरेच कोरडवाहू गावांतून आलेले. त्यांना परवडेल अशा दरात, नफा न धरता, गरम भाकरी आणि झुणका मिळावा एवढीच योजना. सुरुवात हमालांसाठी झाली. मग रिक्षावाले येऊ लागले, बांधकामावरचे मजूर आले, स्पर्धा परीक्षांसाठी बीड-लातूर-उस्मानाबादेहून आलेली मुलं आली. केंद्रं वाढली आणि पन्नास वर्षं चालू राहिली. दुपारी तिथे गेलं तर रांग असते, आणि रांगेतली मुलं झुणक्यावर तिखट-तेल जास्तीचं मागून घेतात.